टाळायच्या वस्तूंची यादी

शाळेत आकाशदर्शनाचा कार्यक्रम ठरला, दुर्बीण मिळाली, अमावास्येच्या जवळची तारीखही नक्की झाली, की शिक्षकांपुढे प्रश्न उभा राहतो : दाखवायचे काय? चंद्र, गुरूचे उपग्रह, शनीची कडी यांची निवड करावी लागत नाही. ते आकाशात असले की दाखवायचेच. पण त्यानंतर काय? अशा वेळी आपण एखादे पुस्तक उघडतो, हल्ली मोबाइलवरचा नकाशा पाहतो, आणि तेथे 'एम' हे अक्षर व पुढे एक आकडा अशी नावे भेटतात. एम ३१, एम ४२, एम १३. जणू आकाशातील प्रेक्षणीय स्थळांची ही अधिकृत यादीच. गंमत अशी, की ज्या माणसाने ही यादी केली, त्याला या वस्तू कोणी मुद्दाम पाहाव्यात असे सुचवायचे नव्हते. त्याच्या दृष्टीने त्या कामातील अडचणी होत्या. कोणत्या जागी फसू नये, हे सांगण्यासाठी त्याने त्या लिहून ठेवल्या.

शार्ल मेसिए याचा जन्म २६ जून १७३० रोजी फ्रान्सच्या सीमेवरील लॉरेन प्रांतात झाला. बारा भावंडांतील तो दहावा. अकरा वर्षांचा असताना वडील वारले. १७५१ मध्ये तो पॅरिसला आला आणि नौदलाचा ज्योतिर्विद जोसेफ देलील याच्याकडे त्याला नोकरी मिळाली, ती खगोलशास्त्र येत होते म्हणून नव्हे, तर अक्षर सुरेख होते आणि नकाशे नीट काढता येत होते म्हणून. देलीलची वेधशाळा पॅरिसमधील क्ल्युनी नावाच्या जुन्या वाड्याच्या मनोऱ्यावर होती. तेथेच मेसिए वेध घ्यायला शिकला.

त्या काळी युरोपातील ज्योतिर्विदांचे लक्ष एका गोष्टीकडे लागले होते. १६८२ मध्ये दिसलेला धूमकेतू १७५८ च्या अखेरीस किंवा पुढच्या वर्षाच्या आरंभी परत येईल, असे एडमंड हॅलीने वर्तवले होते. हॅली १७४२ मध्येच वारला होता. धूमकेतू खरोखर परत आला, तर न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमाला त्याहून मोठा दाखला कोणता? देलीलने धूमकेतू कोठे दिसेल याचा नकाशा तयार केला आणि मेसिएला शोधायला बसवले. नकाशा चुकीचा होता. मेसिए महिनोन् महिने नको त्या जागी पाहत राहिला. २५ डिसेंबर १७५८ च्या रात्री ड्रेस्डेनजवळच्या योहान पालिच नावाच्या शेतकऱ्याला, जो हौशी निरीक्षकही होता, धूमकेतू प्रथम दिसला. मेसिएने पालिचची वार्ता ठाऊक नसताना तो २१ जानेवारी १७५९ रोजी शोधला. पण देलीलने त्याला ही गोष्ट १ एप्रिलपर्यंत जाहीर करू दिली नाही. वरिष्ठांच्या नकाशावर विश्वास ठेवणारा नोकर आणि कोणाचाही नोकर नसलेला शेतकरी, यांच्यातील ही शर्यत वर्गात सांगण्यासारखी आहे.

या शोधाच्या खटाटोपातच यादीचा उगम झाला. २८ ऑगस्ट १७५८ रोजी, त्या वर्षी दिसलेल्या दुसऱ्याच एका धूमकेतूचा मागोवा घेताना, मेसिएला वृषभ राशीत बैलाच्या दक्षिणेकडील शिंगाच्या टोकाशी एक फिकट पांढुरका ठिपका दिसला. लहान दुर्बिणीतून शेपूट न फुटलेला धूमकेतू दिसतो, हुबेहूब तसा. पण तो जागचा हलेना. धूमकेतू ओळखण्याची कसोटी हीच : शेजारच्या ताऱ्यांच्या संदर्भात त्याची जागा रात्रीगणिक बदलली पाहिजे. म्हणजे संशयास्पद ठिपका दिसला, की निदान पुढच्या रात्रीपर्यंत थांबणे आले, आणि पॅरिसचे आकाश पुढच्या रात्री मोकळे असेलच याची खात्री नाही. तेवढ्यात दुसऱ्या कोणी धूमकेतू जाहीर केला तर मान त्याचा. तेव्हा न हलणाऱ्या ठिपक्यांची जागा एकदाच मोजून नोंदवून ठेवली, तर हा कालापव्यय टळेल, असा साधा व्यवहारी विचार मेसिएने केला. वृषभातील ठिपका यादीत पहिला आला. तोच आज एम १ अथवा खेकडा तेजोमेघ म्हणून प्रसिद्ध आहे. इंग्रज हौशी ज्योतिर्विद जॉन बेव्हिसने तो १७३१ मध्येच पाहिला होता, हे मेसिएला नंतर कळले.

यादी वाढली ती मात्र सावकाश. तिचा मोठा भाग १७६४ च्या मे ते ऑक्टोबर या सहा महिन्यांत तयार झाला; एम ३ ते एम ४० ही सारी त्या हंगामातील कमाई. पुढच्या जानेवारीत व्याधाच्या खालचा तारकागुच्छ एम ४१ झाला. मग ४ मार्च १७६९ च्या रात्री मेसिएने एक चमत्कारिक गोष्ट केली. मृगातील तेजोमेघ व त्याला लागून असलेला छोटा भाग, पुष्य नक्षत्राजवळचा धूसर पुंजका आणि चक्क कृत्तिका, यांच्या जागा मोजून त्याने त्या यादीत घातल्या व ४५ हा आकडा गाठला. कृत्तिका पाहून धूमकेतू समजेल असा निरीक्षक जगात कोणी नसेल! मग त्या यादीत का? यावर एक अंदाज असा, की निकोला लाकाय या फ्रेंच ज्योतिर्विदाने दक्षिण आफ्रिकेच्या केपहून केलेली ४२ धूसर वस्तूंची यादी १७५५ मध्ये प्रसिद्ध झाली होती, आणि ४१ वस्तूंची यादी तिच्यापुढे एकाने उणी पडली असती. मला हा अंदाज पटतो, कारण ययाती आणि शर्मिष्ठा यांच्या मधला जोड-तारकागुच्छ नुसत्या डोळ्यांनाही दिसत असून मेसिएने शेवटपर्यंत यादीत घेतलेला नाही. फसवणारी वस्तू नसल्याने तो गाळला असेल तर त्याच न्यायाने कृत्तिकाही गाळायला हव्या होत्या. याद्या माणसे करतात, एवढेच यावरून समजावे.

पुढचे प्रकरण अधिक रंजक आहे. १७७९ च्या वसंतात एक धूमकेतू कन्या राशीतून चालला होता व युरोपातील अनेक जण त्याच्या मागावर होते. ५ मे रोजी इटलीत बार्नाबा ओरियानी याला त्या भागात एक नवा ठिपका दिसला. त्याच रात्री तो मेसिएलाही दिसला होता. पण त्याने तोच धूमकेतू समजून नोंदवला. ६ मे रोजी पुन्हा तेच. ११ मे रोजी त्याच्या लक्षात आले, की हा तर जागचा हललेलाच नाही. वीस वर्षे फसव्या ठिपक्यांची यादी करणारा माणूस एका नव्या ठिपक्याकडून असा फसला. तो ठिपका म्हणजे एम ६१. कन्येचा हा भाग अशा ठिपक्यांनी भरलेला आहे. १८ मार्च १७८१ च्या एका रात्रीत मेसिएने तेथे आठ नोंदवले, एम ८४ ते एम ९१, आणि हा प्रदेश धूसर वस्तूंनी विशेष समृद्ध असल्याचे लिहून ठेवले. दीर्घिकांचा एक प्रचंड समूह आपण पाहत आहोत, हे त्या काळी कोणालाच माहीत असणे शक्य नव्हते.

पिएर मेशँ या तरुण सहकाऱ्याच्या मदतीने यादी १०३ वर पोचली आणि १७८१ मध्ये फ्रेंच नाविक पंचांगात छापली गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मेसिए पॅरिसमधील एका उद्यानात बर्फ साठवण्याच्या खोल तळघरात पडला व जबर जखमी झाला. जवळजवळ वर्षभर त्याला वेध घेता आले नाहीत. यादीची पुढची आवृत्ती त्याच्या हातून निघाली नाही. पुढे क्रांतीच्या काळात त्याचे वेतन व निवृत्तिवेतनही बंद झाले. त्याच्या धूमकेतूंच्या कक्षांचे गणित करणारा त्याचा मित्र बोशार द सारों याने १७९३ च्या धूमकेतूचे गणित तुरुंगात बसून पुरे केले. एप्रिल १७९४ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. मेसिए १८१७ पर्यंत जगला. त्याला अभिमान होता तो आपल्या धूमकेतूंचा. स्वतः शोधलेले तेरा तरी त्याच्या नावावर आहेत. ते धूमकेतू आज कोणाच्या स्मरणात नाहीत.

यादीचे काय झाले? १७८१ च्या डिसेंबरात तिची एक प्रत इंग्लंडमध्ये विल्यम हर्षेलच्या हाती आली. त्याने यादीचा उपयोग नेमका उलटा केला. मेसिएने ज्या वस्तू 'ताऱ्यांविरहित' धूसर म्हणून लिहिल्या होत्या, त्यांकडे हर्षेलने आपली मोठी दुर्बीण वळवली, आणि त्यांतील कित्येक त्याला ताऱ्यांनी खच्चून भरलेल्या दिसल्या. शौरीतील एम १३ हे त्याचे ठळक उदाहरण. मग १७८३ पासून, बहीण कॅरोलाइन हिला नोंदीसाठी बसवून, त्याने सारे आकाश पट्ट्यापट्ट्याने धुंडाळले आणि १८०२ पर्यंत २,५०० वस्तूंची यादी केली. मुलगा जॉन केपला जाऊन दक्षिणेचे आकाश पाहून आला. १८८८ मध्ये ड्रायरने या सर्वांचे एकत्रीकरण करून ७,८४० वस्तूंची सूची प्रसिद्ध केली; नकाशांवर 'एनजीसी' या अक्षरांनी सुरू होणारे आकडे तिचेच.

संशोधकाला अशी सूची लागते. शिक्षकाला तिचा काही उपयोग नाही. जे आहे ते सर्व लिहिणे आणि जे पाहण्यासारखे आहे ते निवडणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम इंग्लंडमध्ये दोघांनी मनावर घेतले. नौदलातील अधिकारी विल्यम स्मिथ याने बेडफर्ड येथे सुमारे सहा इंचांच्या भिंगाच्या दुर्बिणीतून पाहिलेल्या ८५० वस्तूंचे वर्णन १८४४ मध्ये प्रसिद्ध केले. टॉमस वेब या खेड्यातील पाद्र्याने १८५९ मध्ये सामान्य दुर्बिणींसाठी म्हणून मुद्दाम पुस्तक लिहिले. त्याची स्वतःची दुर्बीण पावणेचार इंचांची होती. अमुक वस्तू या दुर्बिणीतून कशी दिसते, हे या दोघांनी सांगितले. आपल्याकडे शं. बा. दीक्षित यांनी 'ज्योतिर्विलास' लिहून मराठी वाचकाला रात्रीच्या आकाशाची गोडी लावली, हेही याच जातीचे काम. दीक्षित स्वतः शिक्षक होते.

विसाव्या शतकात लहान दुर्बिणी सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्या, तशी मेसिएची यादी पुन्हा वर आली. कारण उघड आहे. त्याच्या दुर्बिणी आजच्या मानाने साध्या होत्या. आरशांच्या दुर्बिणींतील आरसे तांबे-कथिलाच्या मिश्रधातूचे, प्रकाश बराच गिळणारे. त्याच्या आवडत्या भिंगाच्या दुर्बिणीचा व्यास ९ सेंटिमीटरच्या आसपास. त्यातून जे दिसले ते आज शाळेच्या ८-१० सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून अंधाऱ्या जागी दिसणारच. म्हणजे लहान दुर्बिणीची मर्यादा यादीतच आपोआप घातलेली आहे. पुढील अभ्यासकांनी मेसिए व मेशँ यांच्या टिपणांतून आणखी सात वस्तू काढून जोडल्या : १९२१ मध्ये फ्लामारियोंने एम १०४, १९४७ मध्ये हेलेन सॉयर हॉगने तीन, अशी भर पडत १९६० च्या दशकात आकडा ११० झाला. १९७० च्या दशकात एका रात्रीत सर्व वस्तू पाहण्याची टूम निघाली, आणि मार्च १९८५ मध्ये ॲरिझोनात जेरी रॅटली याने ती पुरी केली. आपल्याकडेही हौशी मंडळी मार्चच्या अमावास्येला जागतात. जागणाऱ्याच्या कौशल्याची ती उत्तम परीक्षा आहे. पण विद्यार्थ्यांना घेऊन करण्याचा हा प्रकार नव्हे. मिनिटाला एक ठिपका या वेगात कोणताच ठिपका पाहून होत नाही.

आणि ठिपका पाहणे हीच तर खरी अडचण आहे. मुलाने पुस्तकात मृगाच्या तेजोमेघाचे लाल-जांभळे छायाचित्र पाहिलेले असते. नेत्रिकेला डोळा लावल्यावर त्याला राखी धूर दिसतो. मंद प्रकाशात डोळ्यातील रंग न ओळखणाऱ्या पेशीच काम करतात, त्यामुळे दुसरे काही दिसणे शक्यच नसते. मागे चाळीस मुलांची रांग असते. मुलगा 'दिसले, सर' म्हणतो आणि पुढे सरकतो. या 'दिसले, सर'चे काय करायचे, हे ठरवूनच वस्तू निवडाव्यात असे मला वाटते. मेसिएला जे दिसले तेच तुला दिसते आहे, हे त्या मुलाला सांगता येते. त्या ठिपक्यांना एकसारखे मानण्याची मेसिएची चूक नव्हती. ते दिसतातच एकसारखे. ते वेगवेगळे आहेत हे कळायला दीडशे वर्षे लागली. १८६४ मध्ये विल्यम हगिन्सने एका धूसर वस्तूचा वर्णपट पाहिला, तेव्हा त्यात ताऱ्यासारखा अखंड पट्टा नव्हता, तेजस्वी रेषा होत्या. म्हणजे तो विरळ वायू होता. १९२३ मध्ये एडविन हबलला देवयानीतील एम ३१ मध्ये प्रकाश कमी-जास्त होणारा एक विशिष्ट प्रकारचा तारा सापडला व त्यावरून ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची दीर्घिका ठरली. मेसिएचा पहिला ठिपका, एम १, हा १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या अतिनवताऱ्याचा अवशेष आहे, आणि त्याच्या पोटात सेकंदाला सुमारे तीस फेरे घेणारा स्पंदक आहे, हे १९६८ मध्ये कळले. म्हणून एका रात्रीत पंधरा वस्तू दाखवण्याऐवजी वेगवेगळ्या जातीच्या चार दाखवाव्यात : तारे जन्मणारा मेघ, तरुण ताऱ्यांचा विखुरलेला गुच्छ, म्हाताऱ्या ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ आणि एखादी दीर्घिका. हिवाळ्यात संध्याकाळी मृग, कृत्तिका आणि देवयानी यांतील तीन जाती देतात. गोलाकार गुच्छासाठी शौरीची किंवा वृश्चिकाची वाट पाहावी लागते.

निवडताना आणखी एका आकड्यापासून सावध राहावे. पुस्तकात वस्तूची प्रत दिलेली असते; आकडा लहान तितकी वस्तू तेजस्वी. पण ही प्रत सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा केला असता दिसेल ती. त्रिकोणातील एम ३३ ही दीर्घिका ५.७ प्रतीची, स्वरमंडलातील एम ५७ हे कंकण ८.८ प्रतीचे. आकड्यांवरून एम ३३ सोपी वाटते. प्रत्यक्षात तिचा प्रकाश चंद्रबिंबापेक्षा मोठ्या क्षेत्रावर पसरलेला आहे, आणि गावाच्या दिव्यांच्या उजेडात दुर्बिणीतून ती शोधता शोधता रांग संपते. एम ५७ इवलेसे, पण घट्ट. १० सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून शंभरपट मोठे केल्यावर शहराजवळही त्याची कडी समजते. मोठे करणे हाही नेहमी फायदा नसतो. कृत्तिका दोन अंशांत पसरल्या आहेत. दुर्बिणीत त्यांतील चार-सहा तारेच मावतात आणि गुच्छ नाहीसा होतो. १०×५० च्या द्विनेत्रीत सुमारे साडेसहा अंश आकाश दिसते. कृत्तिका, पुष्याजवळचा एम ४४ आणि मूळ नक्षत्राजवळचा एम ७ यांचे खरे रूप तिथेच. शाळेकडे दुर्बीण नसली तरी यादीतील बरेच काही द्विनेत्रीवर भागते.

राहिली गोष्ट जागेची. मेसिएची यादी पॅरिसच्या आकाशाची आहे. पॅरिसचे अक्षांश ४९, पुण्याचे साडेअठरा. एम ७ हा यादीतील सर्वांत दक्षिणेकडचा. पॅरिसहून तो जेमतेम सहा अंश वर येतो, पुण्याहून सुमारे ३७ अंश. त्याच्याही दक्षिणेकडचे जे काही, ते मेसिएच्या लेखी नव्हतेच. ही उणीव भरून काढणारी १०९ वस्तूंची यादी पॅट्रिक मूर यांनी डिसेंबर १९९५ मध्ये एका अमेरिकन मासिकात प्रसिद्ध केली. मेसिएचा एम आधीच घेतलेला असल्याने त्यांनी कॉल्डवेल या आपल्या दुसऱ्या आडनावाचे अक्षर वापरले. तिच्यात जोड-तारकागुच्छ आहे आणि दक्षिणेचे आकाशही. क्रम उत्तरेकडून दक्षिणेकडे असल्याने आपल्या गावाहून यादी कोठे संपते हे लगेच काढता येते.

मूर यांच्या यादीतील दोन वस्तू आपल्यासाठी सोयीच्या जागी आहेत. मे महिन्याच्या मध्यास रात्री साडेदहाच्या सुमारास चित्रा तारा याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे बरोबर दक्षिणेला सर्वांत उंच आलेला असतो. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंशांची होते. चित्रेपासून सरळ खाली दोन मुठी मोजून किंचित डावीकडे पाहिले, की द्विनेत्रीत एम ८३ ही दीर्घिका येते. लाकायने ती १७५२ मध्ये केपहून शोधली. मेसिएला ती १७८१ मध्ये मोठ्या प्रयासाने दिसली. पॅरिसहून ती अकरा अंशांवर, पाचपट जाड हवेच्या थरातून पाहावी लागते. आपल्याला ती चाळीस अंशांवर मिळते. पुन्हा चित्रेच्या रेषेवर येऊन आणखी खाली उतरले, की ४३ अंश दक्षिण क्रांतीवर एनजीसी ५१२८ ही दीर्घिका आणि तिच्या साडेचार अंश खाली, चित्रेपासून साडेतीन मुठींवर, नरतुरंगातील ओमेगा हा गोलाकार गुच्छ. दोन्ही द्विनेत्रीच्या एकाच दृश्यात मावतात. दीर्घिका फिकट, तिला अंधारे आकाश हवे. ओमेगाला मात्र फारसे शोधावे लागत नाही. टॉलेमीने तो तारा म्हणून नोंदवला होता. १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून पाहताना हॅलीला तो धूसर दिसला. एम १३ पेक्षा तो सुमारे पाचपट तेजस्वी आहे. पुण्याच्या क्षितिजावर तो २४ अंश, म्हणजे अडीच मुठी वर येतो. दक्षिणेला डोंगर किंवा गावाचे दिवे नसतील अशी जागा मात्र दिवसाउजेडी पाहून ठेवावी लागते.